श्रवणसाधनांच्या समीक्षेची भाषा आणि निकष : मीरा-भाईंदरमधील श्रोत्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी संगीतसमीक्षेने गायक, घराणी, बंदिशी आणि मैफली यांचा विपुल विचार केला आहे. परंतु ज्या साधनांतून आज बहुसंख्य श्रोते संगीत ऐकतात, त्यांच्याकडे तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. ही जागा व्यापारी परीक्षणांनी व्यापली आहे. टेबलावर संगणकाशेजारी ठेवून हेडफोनने संगीत ऐकण्यासाठी दोन घटक लागतात. अंकीय माहितीचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणारा परिवर्तक, म्हणजे व्यवहारातला ‘डॅक’, हा पहिला. आणि त्या संकेताला हेडफोन चालविण्याइतके बळ देणारा हेडफोन-अॅम्प्लिफायर हा दुसरा. आज हे घटक काही हजार रुपयांपासून काही लाख रुपयांपर्यंत उपलब्ध आहेत. यांतील महाग साधनांना ‘उच्च श्रेणी’ असे संबोधले जाते.

ही श्रेणी कोणत्या निकषावर ठरते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. श्रेणी ही केवळ साधनाच्या अंगी नसते. ती ध्वनिमुद्रण, हेडफोन, खोली आणि कान यांच्या संदर्भातच सिद्ध होते, आणि ज्या परीक्षणात हा संदर्भ सांगितलेला नाही ते समीक्षा या नावास पात्र नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. श्रोता आणि स्थळ

विवेचनासाठी मीरा-भाईंदर हे शहर निवडण्यामागे कारण आहे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक होती. खाडी, मिठागरे आणि पश्चिम रेल्वेचा मार्ग यांच्यामध्ये वाढलेल्या या वस्तीतील शास्त्रीय संगीताच्या मराठी श्रोत्याला महत्त्वाच्या मैफलींसाठी पार्ले किंवा दादर गाठावे लागते. भाईंदर ते दादर हे अंतर तीस किलोमीटरहून अधिक आहे. रात्रीची मैफल रंगात येते तेव्हा शेवटच्या लोकलचे भान ठेवावे लागते, आणि भैरवी अनेकदा हुकते. अशा श्रोत्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रण ही मैफलीची पुरवणी नसून बऱ्याच अंशी तीच त्याची मैफल असते.

लहान सदनिका, सामाईक भिंती आणि घरातील इतरांची झोप यांमुळे लाउडस्पीकरपेक्षा हेडफोन हाच त्याला व्यवहार्य पर्याय ठरतो. साधन विकत घेण्यापूर्वी ते आपल्या घरी, आपल्या संग्रहासह ऐकून पाहण्याची सोय क्वचितच मिळते. लॅमिंग्टन रोडच्या बाजारपेठेत इलेक्ट्रॉनिक वस्तूंची रेलचेल असली, तरी तिथल्या गजबजाटात तंबोऱ्याची आस पारखता येत नाही. परिणामी त्याची सारी भिस्त लिखित परीक्षणांवर राहते. तेव्हा त्या परीक्षणांची भाषा तपासणे ही त्याच्या दृष्टीने शब्दांची कीस काढण्याची बाब नव्हे. त्याच्या काही महिन्यांच्या बचतीचा तो प्रश्न आहे.

२. परीक्षणांची भाषा

या परीक्षणांतील विशेषणे ठरावीक असतात : उबदार, पारदर्शक, मखमली, कोरडा, विश्लेषक. विशेषणांना आक्षेप नाही. मराठी श्रोताही जवारीदार, पीळदार, गोल, घुमारदार असे शब्द सहजपणे वापरतो. परंतु या शब्दांमागे सामाईक अनुभव असतो. एकाच मैफलीत बसलेले दोघेजण ‘आज आवाज लागला नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मतभेदालाही समान आधार असतो. साधनाच्या परीक्षणात हा आधार नाही. परीक्षकाचे हेडफोन, त्याची खोली, त्याने ऐकलेले ध्वनिमुद्रण आणि आवाजाची पातळी यांपैकी काहीही वाचकाजवळ नसते.

येथे वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांनी निरनिराळ्या घराण्यांची मांडणी स्वर आणि लय यांच्या परस्परप्रमाणाच्या आधारे केली. ही मांडणी सर्वांना मान्य होईलच असे नाही. पण निकष उघडपणे सांगितलेला असल्यामुळे तिच्याशी वाद घालता येतो. अशोक दा. रानडे यांनीही संगीतविचारातील संज्ञा काटेकोर करण्यासाठी आयुष्यभर परिश्रम घेतले. ज्या विधानाचे खंडन कसे करावे हेच कळत नाही, ते विधान समीक्षेचे नसून जाहिरातीचे असते. ‘या डॅकमुळे सुरांमध्ये प्राण आला’ हे वाक्य याच वर्गात मोडते.

३. डॅक : दावा आणि प्रचीती

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत नोंदविले जातात. तत्त्वतः यातून २२,०५० हर्ट्झपर्यंतची वारंवारता आणि सुमारे ९६ डेसिबलची व्याप्ती टिपता येते. मानवी कानाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झ मानली जाते, आणि ती वयानुसार घसरत जाते. याहून वरचढ प्रतीचे ध्वनिमुद्रण ऐकून ओळखता येते काय, याची परीक्षा ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी घेतली. उच्च प्रतीच्या संकेताच्या वाटेत सीडीच्या दर्जाचे रूपांतरण मध्येच घालून त्यांनी श्रोत्यांना फरक विचारला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीतूनही याहून वेगळे काही निष्पन्न झाले नसते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यासांतील १२,००० हून अधिक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते अधिक आढळले. म्हणजे फरक शून्य आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र तो इतका सूक्ष्म आहे की ‘पडदा दूर झाला’ यासारख्या उद्गारांना त्याचा आधार मिळत नाही.

मग घरी तुलना करताना फरक स्पष्टपणे जाणवतो तो का? याचे एक साधे कारण आवाजाच्या पातळीत असते. दोन साधनांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर कानाला ते ‘मोठे’ न वाटता ‘अधिक चांगले’ वाटते. पातळी डेसिबलच्या दशांशापर्यंत जुळवून, कोणते साधन वाजत आहे हे न कळता केलेली तुलनाच ग्राह्य धरावी. ज्या परीक्षणात या दोन अटींचा उल्लेख नाही, त्यातील डॅकविषयक विशेषणे वाचकाने बाजूला ठेवावीत.

४. अॅम्प्लिफायर : मोजता येणारा फरक

अॅम्प्लिफायरची गोष्ट निराळी आहे. येथे फरक पडू शकतो आणि तो का पडतो हेही सांगता येते. हेडफोनचा इम्पीडन्स, म्हणजे संकेताला होणारा विद्युत्-विरोध, सर्व वारंवारतांना सारखा नसतो. समजा, एखाद्या हेडफोनचा इम्पीडन्स मध्यसप्तकाच्या परिसरात ३२ ओहम आणि खर्जाच्या एका पट्ट्यात १०० ओहम आहे. अॅम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम-इम्पीडन्स १२० ओहम असेल, तर खर्जाचा तो पट्टा इतरांच्या तुलनेत सुमारे पावणेसात डेसिबलने फुगतो. तोच निर्गम-इम्पीडन्स १ ओहम असेल, तर हा फरक पाव डेसिबलही राहत नाही. पहिल्या साधनावर डग्ग्याचा घुमारा भरघोस वाटेल आणि परीक्षक त्याला ‘उबदार’ म्हणेल. परंतु तो घुमारा तबलजीच्या हाताचा नव्हे, विद्युत्-मंडलाचा आहे.

बळाचा हिशेबही असाच करता येतो. मोबाइलला जोडावयाचे बोटभर आकाराचे परिवर्तक सुमारे १ व्होल्ट देऊ शकते. ३०० ओहमच्या आणि १ मिलिवॉटला ९७ डेसिबल संवेदनक्षमता असलेल्या हेडफोनला त्यातून ३.३ मिलिवॉट मिळतात आणि ध्वनी सुमारे १०२ डेसिबलपर्यंत जातो. खयालगायन ऐकण्यासाठी ही पातळी बहुधा पुरेशी आहे. हेडफोन याहून मंद असेल किंवा जुने मुद्रण क्षीण पातळीवर केलेले असेल, तरच स्वतंत्र अॅम्प्लिफायरची गरज भासते. आणि ती भागविण्यासाठी लाखांची रक्कम लागतेच असे नाही. २०११ साली एका अनामिक अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह-२’ या अॅम्प्लिफायरचा आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. अल्प खर्चात निर्दोष वर्धन साधता येते, हे त्याने दाखवून दिले.

५. ध्वनिमुद्रणाची मर्यादा

मराठी श्रोत्याच्या संग्रहाकडे पाहिले असता ‘उच्च श्रेणी’चा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १९२५ मध्ये विद्युत्-मुद्रणाचे तंत्र येण्यापूर्वी कर्ण्यासमोर गाऊन घेतलेल्या तबकड्यांवर स्थूलमानाने २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा उमटत असे. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३०च्या दशकातील तबकड्या विद्युत्-मुद्रणाच्या असल्या, तरी त्यांची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आसपास संपते आणि पृष्ठभागाची खरखर सतत सोबत असते. केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेली; तिच्या थोरवीला मुद्रणाच्या तांत्रिक मर्यादेने बाध आलेला नाही.

अशा मुद्रणांच्या जतनासाठी २४ बिटांचे अंकीकरण योग्यच आहे. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटनाही किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट यांची शिफारस करते. परंतु तो जतनाचा आणि पुढील संस्करणाचा निकष आहे. तो ऐकण्याच्या साधनाला लावला की नवे डॅक जुनी खरखरच अधिक निष्ठेने ऐकवते. काळजीपूर्वक केलेले हस्तांतरण मिळविणे, योग्य गती आणि मूळ पट्टी तपासणे, यांतून होणारा लाभ साधन बदलून होणाऱ्या लाभापेक्षा कितीतरी मोठा असतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेचे कार्य या दृष्टीने कोणत्याही महागड्या पेटीहून मोलाचे आहे.

६. खोली आणि कान

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रेल्वेमार्गाजवळच्या खोलीत, पंखा चालू असताना, रात्रीची पातळी एवढी मानली, आणि संगीताचे उच्चतम बिंदू ९० डेसिबलवर ठेवले, तर हाती उरते ती ४५ डेसिबलची व्याप्ती. कान गोंगाटाच्या खालचेही काही स्वर वेचू शकतो, म्हणून त्यात आणखी १५ मिळविले तरी बेरीज ६० होते. सीडीचे ९६ डेसिबलही ज्या खोलीत पुरते वापरले जात नाहीत, तेथे १२० डेसिबलच्या डॅकचा गौरव व्यर्थ आहे. शिवाय परीक्षणांत वाखाणले जाणारे उघड्या पाठीचे हेडफोन बाहेरचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत येऊ देतात. बंद पाठीचे हेडफोन तो काहीसा अडवितात; पण गाडीची खालच्या पट्टीतील घरघर त्यांनाही फारशी रोखता येत नाही.

हा गोंगाट जिंकण्यासाठी आवाज वाढविणे हाच खरा धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती सुमारे ४ तासांवर येते. अतिरिक्त बळाचा अॅम्प्लिफायर हा धोका हाताशी आणून ठेवतो. साधन बदलता येते. गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही.

७. नक्षी आणि जवारी

महाग साधनाला काहीच अर्थ नाही, असा याचा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मंद आवाजातही दोन्ही कानांत समतोल राखणारे नियंत्रण, मजबूत बांधणी, दुरुस्तीची सोय, हाताला जाणवणारी कारागिरी, ही खरी मूल्ये आहेत. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यावर नक्षीकाम असते आणि घोडीवर जवारी काढलेली असते. नक्षीचे मोल देण्यात गैर काही नाही. पण नक्षीमुळे जवारी बोलते, असे कोणताही कारागीर म्हणणार नाही. साधनांच्या परीक्षणात नेमकी हीच गल्लत होते.

जवारी हाच येथे उत्तम कसही आहे. वक्र घोडीमुळे तंबोऱ्यात उपस्वरांची विलक्षण समृद्धी निर्माण होते, याचा उलगडा चं. व्यं. रामन यांनी १९२१ मध्ये केला. गायक आलापीत असताना, मागे वाजणाऱ्या तंबोऱ्याचे उपस्वर सलग ऐकू येतात की तुटक, हे आपल्या परिचयाच्या मुद्रणावर तपासावे. आयात केलेल्या विशेषणांपेक्षा हा निकष आपल्या श्रोत्याला अधिक जवळचा आहे, आणि तो दुसऱ्यालाही पडताळून पाहता येतो.

निष्कर्ष

१. खर्चाचा क्रम असा असावा : चांगले हस्तांतरण, खोलीला साजेसा हेडफोन, त्या हेडफोनला पुरेसा अॅम्प्लिफायर, आणि सर्वांत शेवटी डॅक.
२. अॅम्प्लिफायर निवडताना विशेषणांऐवजी निर्गम-इम्पीडन्स, व्होल्ट आणि पार्श्वभूमीची खरखर यांचे आकडे पाहावेत.
३. ध्वनीची पातळी न जुळविता केलेली तुलना पुरावा म्हणून स्वीकारू नये.
४. बांधणी व सौंदर्य यांसाठी मोजलेली किंमत त्याच नावाने मोजावी. ती नादाच्या खात्यावर मांडू नये.

मराठी संगीतसमीक्षेजवळ निकष उघड करून वाद घालण्याची परंपरा आहे. ती परंपरा श्रवणसाधनांपर्यंत आणणे, हे काम आता समीक्षकांनी आपले मानले पाहिजे. मैफलीपासून तीस किलोमीटर दूर राहणाऱ्या श्रोत्याला त्याची अधिक गरज आहे.