दिले आणि देवविले

वृत्तपत्राने आपल्याच दोषांची झडती घेण्यासाठी पदरचे वेतन देऊन एक स्वतंत्र परीक्षक नेमावा, ही चाल आमच्याकडे विरळच. अमेरिकेतील 'वॉशिंग्टन पोस्ट' या पत्राने मात्र ती १९७० पासून चाळीसांहून अधिक वर्षे पाळली. अशा परीक्षकास तिकडे 'ऑम्बुड्समन' म्हणतात. २००६ साली या पदावर डेबोरा हॉवेल या अनुभवी संपादिका होत्या. त्या वर्षीच्या १५ जानेवारीस प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील केवळ एका विधानाचे परीक्षण करण्याचे आम्ही येथे योजिले आहे. एका विधानासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील; त्याचे उत्तर ओघाने येईलच.

लेखाचा विषय जॅक अब्रामॉफ हा होता. हा इसम धंद्याने 'लॉबिस्ट', म्हणजे मोबदला घेऊन कायदेमंडळाच्या सभासदांकडे आपल्या अशिलांची तरफदारी करणारा. त्याचे मोठे अशील म्हणजे अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या काही जमाती. १९८८ च्या कायद्यानंतर आपल्या भूमीवर जुगारगृहे चालवून यांपैकी काही जमाती धनवान झाल्या होत्या, आणि धन आले की सल्लागार येतातच. चार जमातींनी तीन वर्षांत अब्रामॉफ व त्याचा साथीदार मायकेल स्कॅनलन यांस साडेचार कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजली, ही गोष्ट सुझन श्मिट यांनी २२ फेब्रुवारी २००४ रोजी त्याच 'पोस्ट'मधून उजेडात आणली. ३ जानेवारी २००६ रोजी अब्रामॉफने न्यायालयात गुन्हे कबूल केले. श्मिट व त्यांचे दोन सहकारी यांस त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले, ते सर्वथा योग्यच झाले.

हॉवेलबाईंचा लेखही या कामगिरीचा गौरव करण्यासाठीच होता. त्या गौरवाच्या भरात त्या लिहून गेल्या की, अब्रामॉफने दोन्ही प्रमुख पक्षांस निवडणुकीसाठी भरघोस देणग्या दिल्या.

हे खरे नव्हते. आणि ते पडताळून पाहणे अवघडही नव्हते. दोनशे डॉलरांहून अधिक देणाऱ्याचे नाव तेथील निवडणूक आयोगाच्या दप्तरी नोंदले जाते व ते दप्तर कोणासही पाहता येते. या प्रकरणाच्या काळात अब्रामॉफच्या स्वतःच्या नावावरील देणग्या रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या. डेमोक्रॅट पक्षाकडे एकही नाही. दोन्ही पक्षांस पोचला तो त्याच्या अशील जमातींचा पैसा. वाचकांनी निषेधाचा भडिमार केल्यावर २२ जानेवारीच्या लेखात बाईंनी चूक मान्य केली: अब्रामॉफने आपल्या अशिलांकरवी दोन्ही पक्षांच्या सभासदांस देणग्या देवविल्या, असे आपण लिहावयास हवे होते.

मराठी वाचकास यातील मर्म चटकन उमगेल. आमच्या भाषेत 'दिले' आणि 'देवविले' ही दोन क्रियापदे वेगळी आहेत. कर्ता कोण आणि करविता कोण हे आम्हांस प्रत्ययानेच सांगावे लागते. परंतु आमच्या मते हे सुधारलेले 'देवविले'ही पुरे पडत नाही. या जमाती अब्रामॉफ येण्यापूर्वीही देणग्या देत होत्या, आणि त्या स्वतःच्या हिताचा विचार करून. 'अमेरिकन प्रॉस्पेक्ट' या मासिकाने त्याच महिन्यात एक तुलना छापली. तो आल्यानंतर जमातींच्या रिपब्लिकनांस मिळणाऱ्या देणग्या दुपटीहून अधिक वाढल्या, डेमोक्रॅटांच्या किंचित घटल्या, असे तीत दिसते. नुसती बेरीज मांडणाऱ्यास हा फरक दिसावयाचाच नाही.

उलट, डेमोक्रॅट पक्षास या प्रकरणाचा वाराही लागला नाही, असे जे त्याचे पाठीराखे म्हणू लागले, त्यांचेही आम्हांस पटत नाही. काही डेमोक्रॅटांस द्या, असे तो अशिलांस सांगत असे. सिनेटमधील चौकशीत पुढाकार घेणारे डेमोक्रॅट सभासद बायरन डॉर्गन यांनीही त्याच्या अशिलांकडून आलेले ६७ हजार डॉलर डिसेंबर २००५ मध्ये परत केले. त्यात काही बेकायदा होते असे नव्हे. पण वर्तमान लिहिणाराने हेही लिहिले पाहिजे.

मग चूक झाली कशी? दुष्ट हेतूचा संशय आम्ही घेत नाही. पत्रव्यवसायात एक सवय बळावली आहे: एका पक्षाविरुद्ध मजकूर आला की दुसऱ्याचेही थोडे घालावे, म्हणजे कोणी पक्षपाती म्हणणार नाही. तराजूची दांडी सरळ दिसावी म्हणून पारड्यात वजन टाकणारा वाणी आम्ही पाहिला आहे. त्यास कोणी निःपक्षपाती म्हणत नाही.

पण या विधानातील खरा अन्याय पक्षांवर झालेला नाही. टेक्सासातील एल पासो येथील तिग्वा जमातीची हकीकत घ्या. तिचे जुगारगृह बंद पडावे म्हणून अब्रामॉफच्या मंडळींनी दुसऱ्या जमातीच्या पैशावर गुप्तपणे खटपट केली. २००२ च्या फेब्रुवारीत ते बंद पडताच तीच माणसे, ते पुन्हा उघडून देतो म्हणत, तिग्वांच्या दारी गेली. तिग्वांनी स्कॅनलनच्या संस्थेस ४२ लाख डॉलर मोजले, सांगितले त्या सभासदांस देणग्याही दिल्या. जुगारगृह काही उघडले नाही. आणि वर वृत्तपत्रात छापून येते की, दिले ते अब्रामॉफने! ज्यांची लूट झाली त्यांचा पैसाही लुटारूच्या नावे जमा झाला. २२ जानेवारीच्या दुरुस्तीत पक्षांचा हिशेब सुधारला गेला. तिग्वांची दखल घेणारी दुरुस्ती आमच्या मते त्याच दिवशी, त्याच जागी व्हावयास हवी होती.