उपसर्गाची नामावली

झेडलिब या डेटा-कम्प्रेशन लायब्ररीच्या ‘झेडकॉन्फ डॉट एच’ या हेडर फाइलमध्ये सुरुवातीलाच एक लांबलचक यादी लागते. प्रत्येक ओळीचा साचा एकच. डावीकडे लायब्ररीतलं एखादं नाव आणि उजवीकडे तेच नाव ‘झेड_’ लावून: डिफ्लेटचं झेड_डिफ्लेट, इन्फ्लेटचं झेड_इन्फ्लेट. कोड वाचणारे ही यादी पाहून पान उलटतात. मला ती सी भाषेतल्या सुंदर पानांपैकी एक वाटते.

ज्याँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही लायब्ररी मुळात पीएनजी चित्रांसाठी लिहिली गेली. ती इतकी लहान आणि भरवशाची, की कितीतरी प्रकल्प तिची एक प्रत स्वतःच्याच कोडमध्ये ठेवून देतात. अडचण तिथे सुरू होते. लिनक्सवर डायनॅमिक लिंकर एखादं नाव आधी मूळ प्रोग्राममध्ये शोधतो, मग लायब्रऱ्यांमध्ये क्रमाने. पहिलं सापडलं की थांबतो. वाड्यात एकाच नावाचे दोन भाडेकरू असावेत आणि पोस्टमनने पहिल्या दारात पत्र टाकून निघून जावं, तसं. एखाद्या ब्राउझरने स्वतःच्या प्रतीतली इन्फ्लेट बाहेर दिसू दिली, तर त्याच प्रोसेसमध्ये आलेली सिस्टिमची पीएनजी लायब्ररीही तिलाच हाक मारते. दोन्ही प्रती सारख्या असतील तर निभावतं. पण ब्राउझरसोबतची प्रत जुनी असेल आणि तिच्यात एखादं नवं फंक्शनच नसेल, तर तेवढी एक हाक सिस्टिमच्या प्रतीकडे जाते, आणि एका प्रतीने मांडलेली अंतर्गत स्थिती दुसरी प्रत आपली समजून वाचू लागते.

झेडलिबने यावर एक पहारा ठेवला आहे. डिफ्लेटइनिट हे फंक्शन नाही, मॅक्रो आहे. हाक मारणाऱ्याची आवृत्ती आणि झेड_स्ट्रीम या रचनेचं माप तो गुपचूप सोबत पाठवतो. मात्र आवृत्तीचं पहिलंच अक्षर तपासलं जातं. १ ने सुरू होणाऱ्या सगळ्या आवृत्त्या तिथून सुखरूप पार होतात, आणि आतली स्थिती त्या मापात येतच नाही.

म्हणून ती यादी: ती चालू केली की कम्पाइल होताना प्रत्येक नावाला उपसर्ग लागतो आणि दोन प्रतींची नावं धडकत नाहीत. तिच्या वरची टिप्पणी मला विशेष आवडते: वेगळा उपसर्ग खरोखरच हवा असेल तर ‘झेड_प्रीफिक्स’ लावा, नेहमीची झेडलिब त्याविनाच कम्पाइल करा. त्या ‘खरोखरच’च्या दोन्ही बाजूंना तारे आहेत. डिफ्लेट हे नाव असंख्य प्रोग्राम शोधत येतात, तेव्हा सिस्टिमच्या प्रतीने ते सोडायचं नाही. बदलायचं ते सोबत बांधलेल्या प्रतीने. जबाबदारीची इतकी अचूक वाटणी फार थोड्या टिप्पण्यांत सापडते.

यादीचा दुसरा गुण तिच्या काटेकोरपणात आहे. अंडरस्कोअरने सुरू होणारी, बाहेरच्यांनी कधी वापरू नयेत अशी अंतर्गत नावंही तिच्यात आहेत. सीमध्ये एका फाइलमधलं फंक्शन दुसऱ्या फाइलला हवं असेल तर ते लिंकरसमोर उघडं ठेवावंच लागतं, आणि उघडं नाव कुठेही धडकू शकतं. पुढे नावं बाहेर दिसू न देणारी ‘हिडन’ दृश्यता आणि आवृत्तीचा नकाशा यांनी हेच काम झेडलिबमध्ये अधिक नेटकं केलं, पण ते शेअर्ड लायब्ररीपुरतं. स्टॅटिक लिंकिंगमध्ये हाती उरते ती ही यादीच.

उणीव आहेच. यादीप्रमाणे नावं बदलणारा प्रीप्रोसेसर आंधळा असतो. तुमच्या एखाद्या रचनेतल्या ‘कॉम्प्रेस’ नावाच्या घटकालाही तो बिनदिक्कत झेड_ चिकटवतो. बाहेरून तयार आलेल्या ऑब्जेक्ट फाइलपर्यंत मात्र त्याचा हात पोचत नाही. ती जुनंच नाव मागत राहते.

त्याहून मोठा प्रश्न उपसर्गाच्या निवडीचा. एकाच प्रोसेसमधल्या दोन लायब्रऱ्यांनी आपापली झेडलिब सोबत बांधली आणि दोघींनी झेड_ लावलं, तर झेड_इन्फ्लेट पुन्हा दोन होतात. क्रोमियमने हे ओळखून ‘सीआर_झेड_’ घेतलं, मोझिलाने ‘एमओझेड_झेड_’. पद्धत झेडलिबचीच, पण नाव ज्याचं त्याचं. तुम्हीही एखादी लायब्ररी सोबत बांधणार असाल, तर यादी झेडलिबकडून उचला आणि उपसर्ग स्वतःच्या प्रकल्पाचा लावा.