बिल उतरलं म्हणजे ऊर्जा वाचली का?

अमेरिकेने 2021च्या पायाभूत सुविधा कायद्यात ना-नफा संस्थांच्या इमारतींसाठी 5 कोटी डॉलर ठेवले. छप्पर, खिडक्या, दिवे, इन्सुलेशन असं काही सुधारायचं, विजेचा-गॅसचा खर्च घटवायचा. कल्पना चांगलीच आहे. ज्या संस्था आयकरच भरत नाहीत, त्यांना करसवलतीचा तेव्हा काय उपयोग होता?

माझा आक्षेप मोजमापावर आहे. निवड करताना बचत मोजण्याचा आराखडाही बघा, असं कायदा सांगतो. पण तुलना कशाशी करायची? आधीचं बिल वजा नंतरचं बिल, इतकंच केलंत तर फसाल. हिवाळा सौम्य गेला, एखादा वर्ग बंद पडला, तरी बिल उतरतंच. उलट नव्या हीटिंगमुळे निवारागृह जास्त रात्री उघडं राहिलं, तर बिल चढेल. ते अपयश का? (मी तरी म्हणणार नाही.)

मिशिगनमध्ये फाउली, ग्रीनस्टोन आणि वुल्फ्रम यांनी घरांसाठीची अशीच सरकारी योजना तपासली. यादृच्छिकपणे निवडलेल्या कुटुंबांना अर्ज करायला मदत केली, बाकीच्यांना नाही. 2018मध्ये छापलेला निष्कर्ष: मॉडेलने वर्तवलेली बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून जास्त होती! घरांचा आकडा निवारागृहांना जसाच्या तसा लावू नका. पद्धत मात्र उचला. पात्र अर्ज पैशांपेक्षा जास्त आले, तर त्यांच्यात चिठ्ठ्या टाकता येतात. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांचीही बिलं मागवा, तोच तुमचा कंट्रोल ग्रुप.