यंत्राचे उत्तर आणि मोसंबीची बाग

विचारलेल्या प्रश्नावर नवी वाक्ये रचून उत्तर देणारी निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता आता शेतकऱ्याच्या हाती आली आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. त्याच वर्षी ‘महाविस्तार’ या ॲपद्वारे मराठीतून प्रश्नोत्तरांची सोय झाली. यास्तव माणूस आणि यंत्र यांच्यातील संभाषणाची रचना कोणत्या तत्त्वांवर व्हावी, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाही.

या विषयावरील दोन प्रबंध विशेष मान्यता पावले आहेत. सलीमा अमर्शी व त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये अठरा मार्गदर्शक सूत्रे मांडली. जस्टिन वाइझ व त्यांचे सहकारी यांनी २०२४ मध्ये खास निर्मितीक्षम यंत्रांसाठी सहा तत्त्वे सांगितली. त्यांपैकी एक तत्त्व उत्तरांच्या विविधतेचे आहे : एकाच मागणीला यंत्र अनेक उत्तरे देऊ शकते, तेव्हा ती पुढे ठेवून निवड माणसाकडे सोपवावी. चित्र काढवून घेणाऱ्यास किंवा पत्राचा मसुदा करणाऱ्यास हे उपकारक आहे, यात शंका नाही. चुकलेले वाक्य त्याला तत्काळ दिसते व खोडता येते.

जालना जिल्ह्यात मात्र या तत्त्वाची कसोटी निराळी लागते. येथील मोसंबीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यापूर्वी २०१२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील अनेक बागा वाळून गेल्या होत्या. ‘फळे गळतात, काय करावे?’ हा बागाईतदाराचा प्रश्न दिसावयास सोपा आहे. परंतु गळ पाण्याच्या ताणाने होते, साचलेल्या पाण्यानेही होते. अन्नद्रव्यांच्या कमतरतेने, बुरशीने किंवा रस शोषणाऱ्या पतंगानेही होते. बहार आंबिया की मृग, जमीन भारी की हलकी, गळलेल्या फळावर छिद्र आहे की नाही, हे कळल्यावाचून दिलेला सल्ला म्हणजे अंदाजच. पाण्याचा ताण पडलेल्या आणि पाणी साचलेल्या बागांचे उपाय तर परस्परविरुद्ध आहेत. अशा वेळी चार उत्तरे पुढे ठेवणे म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य देणे नव्हे. तो निदानाचा भार ज्याने विचारले त्याच्यावरच परत टाकणे होय. शिवाय येथे चूक तत्काळ दिसत नाही. ती हंगामाच्या अखेरीस, कधी झाडच गेल्यावर कळते.

२०१९ च्या सूत्रांत यावर उतारा आहे : शंका असल्यास यंत्राने खुलासा मागावा अथवा आपली मर्यादा आखून घ्यावी. अडचण एवढीच की, निर्मितीक्षम यंत्राची भाषा चुकीच्या उत्तरातही तितकीच ओघवती असते. त्याच्या ठायी योग्य वेळी शंका उपजेल, असा भरवसा धरता येत नाही. म्हणून शंका यंत्रावर न सोडता रचनेतच घालावयास हवी. कोणत्या तक्रारीस कोणते प्रश्न आधी विचारावयाचे, हे बदनापूरच्या संशोधन केंद्रातील किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी अनुभवी बागाईतदारांसह ठरवावे. आणि उत्तरे अपुरी राहिल्यास यंत्राने सल्ला न देता त्या माणसांकडेच वाट दाखवावी.

माणसाला केंद्रस्थानी ठेवणे म्हणजे त्याला गोड, शुद्ध मराठीत उत्तर देणे, असा समज रूढ होऊ पाहत आहे. तो अपुरा आहे. बांधावर आलेला जाणता माणूस आधी झाडाखालचे फळ उचलून पाहतो, मग बोलतो. यंत्राच्या संभाषणात या क्रमाला स्थान मिळाले, तरच ती रचना माणूसकेंद्री म्हणवून घेण्यास पात्र ठरेल.