क्षेत्रवर्णन आणि क्षेत्रातला रहिवासी

गोदाकाठच्या गावांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. माहात्म्ये आहेत, संतचरित्रे आहेत, सरकारी वृत्तांत आहेत, प्रवासवर्णने आहेत आणि अलीकडे वर्तमानपत्रांतील सचित्र लेखही आहेत. या सर्व वाङ्मयास एकच साधा प्रश्न विचारून पाहावा असे आम्हांस वाटते. घाटापासून हाकेच्या अंतरावर, बाजारपेठेस पाठ लावून जी जुनी घरे उभी आहेत, त्यांत राहणाऱ्या माणसाविषयी हे वाङ्मय आपणांस काही सांगते काय? देव, संत, राजे आणि यात्रेकरू यांना क्षणभर बाजूस सारले म्हणजे जो उरतो, त्या रहिवाशाची ओळख या पानांतून पटते काय? ही परीक्षा आम्ही पुणतांब्याच्या निमित्ताने करण्याचे योजिले आहे.

पुणतांबा निवडण्याचे कारण उघड आहे. नाशिक, पैठण यांसारख्या मोठ्या क्षेत्रांभोवती वाङ्मयाचे इतके थर साचले आहेत की, कोणता दोष क्षेत्राचा आणि कोणता वर्णनाचा हे सांगणे अवघड जाते. पुणतांबा हे अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्याचे गाव. गोदावरीचा काठ, बांधीव घाट, देवळांची दाटी, जुन्या तटाचे अवशेष आणि चांगदेवाची समाधी, एवढे याचे भांडवल. नावाची व्युत्पत्ती 'पुण्यस्तंभ' अशी लावण्याचा प्रघात आहे. क्षेत्र लहान असल्यामुळे त्याच्या वर्णनातील उणिवाही चटकन दृष्टीस पडतात.

प्रथम संतचरित्रांकडे वळू. चौदाशे वर्षे जगलेला योगी, कोरे पत्र, त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्या, वाघावर बसून येणे आणि भिंतीचे चालणे ही चांगदेवाची कथा महाराष्ट्रातील पोरासोरांना ठाऊक आहे. पण या कथेतील प्रत्येक रसाळ प्रसंग अन्यत्र घडतो. भिंत आळंदीची, मुक्ताबाईने केलेला उपदेशही पुणतांब्याच्या ओसरीवरचा नव्हे. या गावाच्या वाट्यास परंपरेने केवळ शेवट दिला आहे. योगी येथे येतो तो देह ठेवण्यासाठी. त्याच्या समाधीभोवती गाव होते की रान होते, त्याला शिधा कोणी घातला, याची चौकशी चरित्रकारांनी केली नाही. त्यांची दृष्टी योग्याच्या अहंकारावर खिळलेली होती व तिच्या परीने ती योग्यही होती. तथापि परिणाम असा झाला की, पुणतांब्याचे नाव घेताच वाचकाच्या मनात जिवंत वस्ती उभी राहत नाही, समाधी तेवढी उभी राहते.

दुसरा वर्ग सरकारी वृत्तांताचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर जिल्ह्यावरील खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. त्याची शिस्त वाखाणण्याजोगी आहे आणि आमच्या माहात्म्यकारांनी ती थोडी उसनी घेतली असती तर बरे झाले असते. परंतु गॅझेटियर मोजदाद करते. देवळे किती, माणसे किती, घाट कोणी बांधला, आगगाडीची सोय आहे की नाही, हे ते सांगते. त्याच्या लेखी घाट म्हणजे बांधकाम आणि गाव म्हणजे महसुलाची जागा. ज्या अधिकाऱ्यांसाठी तो ग्रंथ लिहिला गेला त्यांना याहून अधिक नको होते. दोष ग्रंथाचा नाही. पुढे शंभर वर्षे मराठी लेखकांनी त्याच चार ओळी फिरवून फिरवून लिहिल्या, तो दोष त्यांचा आहे. अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतले, घाटावर एक विशेषण चढविले आणि लेखणी खाली ठेवली, अशी वर्णने कितीतरी दाखविता येतील. १७६७ ते १७९५ पर्यंत कारभार पाहणाऱ्या या बाईंनी पायऱ्या का बांधल्या, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. त्या स्नानासाठी बांधल्या हे खरे. पण ज्या पायरीवर यात्रेकरू वर्षातून एकदा उतरतो, त्याच पायरीवर गावातली बाई दररोज उतरते. घाट हे देवस्थानाचे भूषण असेल. गावाचा तो पाणवठा आहे.

तिसरा वर्ग आमच्या काळाचा. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि पुणतांबा स्थानकाचे गाव बनले. २००९ साली येथून शिर्डीस फाटा गेला व ते जंक्शन झाले. तेव्हापासून लक्षावधी प्रवाशांनी हे नाव फलाटावर वाचले असेल. त्यांतील घाटापर्यंत आलेले थोडेच. नंतर १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्याची ठिणगी पुणतांब्याच्या ग्रामसभेत पडली असल्यामुळे काही आठवडे हे नाव सर्व वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते. गावाकडे जिवंत माणसांचे गाव म्हणून प्रथमच लक्ष गेले, ही आनंदाची गोष्ट होय. पण तेव्हाही लेखणी काळीत राहिली. पांढरीत आली नाही. कांद्याचा भाव आला, दूध आले, कर्ज आले. घाटावरची आळी आली नाही.

आणि तरीही काळी आणि पांढरी यांचा संबंध येथे अत्यंत निकटचा आहे. गोदावरीचे डावे व उजवे कालवे विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघाले. पुढे वरच्या अंगास दारणा, गंगापूर आदी धरणे झाली. नदीचे पाणी कालव्याने शेतात गेले, ऊस उभा राहिला, तालुका सधन झाला. परंतु जे पाणी शेताला गेले ते घाटाला सोडून गेले. पूर्वी पात्रात काय वाहते हे ऋतू ठरवीत असत; आता पुष्कळ अंशी ते आवर्तन ठरविते. २००५ च्या कायद्यानंतर खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडले गेले म्हणजे ते याच घाटांवरून पुढे जाते. काठावर राहणाऱ्या माणसाला आपल्या दारची नदी हुकुमाने वाहताना पाहावी लागते. या एका गोष्टीत केवढे नाट्य आहे! पण ते टिपणारे क्षेत्रवर्णन आमच्या पाहण्यात नाही.

घरांची गोष्टही अशीच. नगर जिल्ह्यातील जुने घर म्हणजे दगडी जोते, वर माती-विटांच्या भिंती, माळवद किंवा कौले, पुढे ओटा आणि आत चौक. नदीजवळच्या घराला याशिवाय ओलीशी झुंज द्यावी लागते. भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात, पाया खचतो आणि पुराच्या रात्री घरातले धान्य प्रथम हलवावे लागते. नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढले यावरून पुराचा अंदाज करतात. काठच्या गावांत हेच काम घाटाची पायरी करते. घाटावर स्नान चालते, धुणे चालते, दशक्रिया चालते, पोरे पोहावयास शिकतात. आणि या सर्वांचे आवाज मागल्या खिडकीतून घरात येतात. मरण आणि संसार यांच्या इतक्या लगत राहणाऱ्या माणसाच्या स्वभावात काही वेगळेपण येत असेलच. ते शोधणे हे वाङ्मयाचे काम आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. रहिवाशाचे चित्र काढावयाचे म्हणजे 'पवित्र काठावरचे शांत जीवन' असे गुळगुळीत चित्र काढावयाचे नव्हे. पाणवठा सर्वांना सारखा खुला नव्हता. महाडच्या तळ्यासाठी १९२७ साली आणि नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, हे ज्याला आठवत नाही त्याने घाटाच्या शांततेवर लिहू नये. तळपत्या वाळवंटात चुकलेले अस्पृश्याचे मूल एकनाथांनी उचलून कडेवर घेतले, ही पैठणची कथा जिवंत राहिली याचे कारण तीत नदीचे पुण्य नाही, वाळूचा चटका आहे. कोणत्या आळीची पायरी कोणती, हे न सांगणारे वर्णन कितीही गोड असले तरी अपुरेच होय.

कोणी म्हणेल, माहात्म्याने माहात्म्य सांगावे, गॅझेटियरने मोजावे. त्यांच्याकडून संसाराची अपेक्षा का धरावी? आक्षेप रास्त आहे. परंतु मराठीत याहून निराळी दृष्टी नव्हती असे नाही. चौदाव्या शतकातील महानुभावांची 'स्थानपोथी' पाहावी. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने नोंदविणे हाच तिचा हेतू, म्हणजे तो भक्तीचाच ग्रंथ. पण देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, हे ती इतक्या काळजीने सांगते की वाचकाला त्या आवारात पाय ठेवल्यासारखे वाटते. भक्तीमुळे नजर अंधुक व्हावी असा नियम नाही. दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'चे. त्यांचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर, गोदाकाठचेच. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आणि तो निस्तरताना घरातल्या बायकामुलांची झालेली ओढाताण त्यांनी हसत हसत सांगितली आहे. नदीकाठचे पावित्र्य घरात शिरले म्हणजे त्याची किंमत कोण देतो, हे त्या पानांइतके स्पष्ट एकाही माहात्म्यात नाही. याच दोन गुणांचा, स्थानपोथीच्या नेमकेपणाचा आणि स्मृतिचित्रांच्या निर्भय घरगुतीपणाचा, संयोग आम्हांस क्षेत्रवर्णनात हवा आहे.

ही मागणी केवळ रसिकतेची नाही. वर्णनातून जे वगळले जाते, ते पुढे आराखड्यातूनही वगळले जाते. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाईंनीच १७८० च्या सुमारास उभारले. त्याच देवळापासून गंगेपर्यंत प्रशस्त मार्ग काढण्यासाठी शेकडो जुन्या इमारती पाडण्यात आल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात त्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. यात्रेकरूची सोय झाली, हे नाकारता येत नाही. पण गल्लीतला रहिवासी 'अडथळा' ठरला, कारण देऊळ तेवढे ऐतिहासिक आणि घर तेवढे जीर्ण असे मानण्याची सवय आपल्याला आधीच लागलेली होती. पंढरपुरात अशीच योजना पुढे आली तेव्हा रहिवाशांनी विरोध केला तो याच धास्तीने. परदेशातही वेगळे नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख माणसे राहत असत. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली आली. राजवाडे राहिले, पाहुणे वाढले, शेजारी गेले. आपल्याकडे पूररेषांचाही प्रश्न आहे. पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा जेथे आखली गेली, तेथे त्या रेषांच्या आतील जुन्या घराची नवी बांधणी नियमांच्या कचाट्यात सापडते. जिवाच्या रक्षणासाठी हे नियम हवेतच. परंतु त्या रेषेच्या आत केवळ भिंती नाहीत, पिढ्यांचा शेजार आहे, हे कोणी लिहून ठेवले नसेल तर नकाशाला ते कळणार कसे?

पुणतांब्यावर अद्याप असा प्रकल्प आला आहे असे आमचे म्हणणे नाही. शिर्डीच्या गाड्या त्याच्या फलाटावरून जातात आणि घाट आपल्या जागी आहे. म्हणूनच लिहिण्याची वेळ आताच आहे. पुढे जो कोणी या गावाविषयी लिहील, त्याने चांगदेवाला वंदन अवश्य करावे, अहिल्याबाईंचे नावही आदराने घ्यावे. पण त्यानंतर घाटाच्या वरच्या पायरीवर पाठ फिरवून उभे राहावे आणि समोरच्या आळीकडे पाहावे. कोणते घर पेठेच्या कमाईवर चालते, कोणते तीर्थोपाध्यायाच्या दक्षिणेवर. कोणाच्या दाराला कुलूप आहे आणि त्याची मुले कोणत्या शहरात आहेत. पुराचे पाणी कोणाच्या उंबऱ्याशी थांबते आणि कोणाच्या चुलीत शिरते, हे त्याने विचारून लिहावे. एवढे ज्यात असेल त्या वर्णनात विशेषणे कमी पडली तरी आम्ही तक्रार करणार नाही.