परवडायचं कोणाला?

केंद्राच्या सार्वजनिक उपक्रम विभागाचं ३ ऑगस्ट २०१७ चं परिपत्रक एकदा शांतपणे वाचून बघा. सरकारी कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांची १ जानेवारी २०१७ पासूनची पगारवाढ त्यात ठरली. मेख आहे ती परवडण्याच्या अटीत. नफ्याच्या मानाने बोजा जितका जड, तितकी वाढ कमी; नफाच नसेल तर वाढ नाही. अर्थसंकल्पातून मदतही नाही.

आता यात गैर काय, असं तुम्ही म्हणाल. कमाईच नाही तर द्यायचं कुठून? बीएसएनएलच्या उत्पन्नातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग २०१९ च्या आसपास पगारातच जात होता. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हा आकडा टाळू नये.

पण ही माणसं बाजारात आपणहून उतरली नव्हती. जुनं डाक-तार खातं १९८५ मध्ये दुभंगलं. पोस्टाकडे गेलेला सरकारी नोकरच राहिला. त्याला सातवा वेतन आयोग २०१६ पासून लागू झाला. टेलिफोनकडे गेलेल्याची पाटी १ ऑक्टोबर २००० ला बदलली, टेबल तेच राहिलं. मालकही तोच, फक्त मध्ये ताळेबंद आला. आणि तो ताळेबंद घडवला कोणी? जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं. बीएसएनएलला फोर-जीच्या लहरी द्यायचा निर्णय झाला ऑक्टोबर २०१९ मध्ये. निर्णय दिल्लीत व्हायचे आणि नफा दाखवायचा लाइनमनने!

त्याच ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये पन्नाशी गाठलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती होती. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून ७८ हजारांवर लोक एकदम बाहेर पडले. त्यांची सानुग्रह रक्कम मात्र सरकारी तिजोरीतून आली. म्हणजे माणूस घरी जाणार असेल तर पैसा निघतो, कामावर राहून वाढ मागितली की परवडण्याची अट पुढे केली जाते. तोट्यातली कंपनी सावरायची म्हणून हे एकवेळ पटवून घेता येईल.

निवृत्तिवेतनाचं काय, ते मात्र पटत नाही. खात्यातून कंपनीत सामावलेल्यांचं पेन्शन कंपनी देत नाही, सरकार देतं. तरी ते ठरतं कंपनीच्या वेतनश्रेणीवर. म्हणून २०१७ चा पगार अडला आणि त्याबरोबर पेन्शनची वाढही अडली. तुमच्या घरात कोणी टेलिफोन खात्यातलं निवृत्त असेल, तर त्यांची पेन्शनची ऑर्डर काढून बघा. तिच्यावर दूरसंचार विभागाच्या लेखा कार्यालयाचा शिक्का दिसेल.