खोट्या फिर्यादींची मोजदाद

अमेरिकेंत द्वेषमूलक म्हणून गाजलेले पुष्कळ गुन्हे बनावट निघाले, हें विल्फ्रेड रायली यांच्या ‘हेट क्राइम होक्स’ (२०१९) या ग्रंथाचें प्रतिपाद्य. खोट्या फिर्यादीनें खऱ्या पीडितावरचा विश्वास उडतो, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ग्रंथकारांनीं घेतलेलीं प्रकरणें मुख्यतः वर्तमानपत्रांत गाजलेलीं. न गाजलेल्यांस तोच नियम कसा लावावा? उपशीर्षकांत डाव्यांवर खोटें वर्णयुद्ध खपविल्याचा आरोप आहे. एवढा भार ही निवड पेलत नाहीं.

१९९० च्या कायद्यान्वयें तेथील सरकार पोलिसांकडील आंकडे गोळा करतें. २०१७ सालीं ते सुमारें ७,००० भरले. उलट न्यायखात्याच्या घरोघरच्या पाहणीचा २००४ ते २०१५ या काळाचा अंदाज वर्षास सुमारें २,५०,००० आहे. तीच पाहणी सांगते कीं, निम्म्याहून अधिक प्रसंग पोलिसांपर्यंत जातच नाहींत. एक आंकडा दप्तराचा, दुसरा पीडिताच्या समजुतीचा. हेतु मात्र गुन्हेगाराच्या मनांत. शिवाय शाबीत न झालेली फिर्याद तेवढ्यानें खोटी ठरत नाहीं.

ज्याचा छेद ठाऊक नाहीं असा अपूर्णांक सांगूं नये. एवढा संयम पाळला असता तर ग्रंथास अधिक वजन आलें असतें.